शर्टाचं शेपूट

पैज लागली तेव्हा तिघांपैकी एकाच्याही अंगावर शर्ट नव्हता, आणि पैज होती शर्टाचीच.

शनिवारची दुपार. रूबेन हौटालाच्या परसातली सौनाची खोली, तापलेले दगड, त्यावर पाणी टाकलं की फस्सकन उठणारी वाफ, आणि वरच्या फळीवर घाम गाळत बसलेले तीन उघडेबंब शेजारी. साठी कुणाचीच झाली नव्हती, पण कपडे काढले की माणूस दहा वर्षांनी पुढेच दिसतो.

"खरं सांग एन्स्या," रूबेन म्हणाला, "तुझ्या गाडीत बघितलं मी ते. मनगटाला पट्टा, पट्ट्याला लोखंडी आकडा आणि आकड्याला घोडा. बंदुकीसारखा घोडा. धनुष्याला."

"रिलीज म्हणतात त्याला," एन्सिओ म्हणाला.

"काय म्हणतात ते ठाऊक आहे मला. दोरी आकड्यात अडकवायची, ओढायची, घोडा दाबला की सुटली. माझ्या पुतण्याकडे आहे तसलं. पण त्याला अजून मिसरूड फुटायचंय. तू चाळीस वर्षं तीन बोटांनी दोरी ओढलीस आणि आता तुला दाराची कडी लागते?"

तिसरा मॉरिस. त्याला भांडण लावून द्यायला फार आवडायचं. तो म्हणाला, "सगळं जग तेच वापरतं आता, रुब्या. बोटांनी बाण सोडणारा तू एकटा उरलास. तुला भुसा भरून शाळेत ठेवणार आहेत, पोरांना दाखवायला."

"भरा. पण भुसा भरलेला मी या कडीवाल्यापेक्षा नीट मारीन."

"लाव पैज," एन्सिओ म्हणाला.

रूबेनचे कान टवकारले. एन्सिओ वीर्तानेन कधी पैज लावत नसे. लाकडाच्या गिरणीत मोठ्या करवतीवर आयुष्य काढलेला, अबोल माणूस. रूबेन त्याच्यावर चाळीस वर्षं थट्टा करत आला होता. त्याच्या मचाणासमोर प्लॅस्टिकचं हरीण उभं करून त्याला चर्चला जायची टोपी घातली होती. त्याच्या डब्यातल्या करंजीसारख्या पेस्टीचं सारण काढून आत भुसा भरला होता. दर वेळी एन्सिओ नुसता मान हलवायचा आणि दुसऱ्या दिवशी परत शेजारी येऊन बसायचा. रूबेनच्या बायकोला हे सगळं पाच वर्षांत असह्य झालं होतं आणि ती निघून गेली होती. एन्सिओ मात्र टिकला होता.

पैज अशी ठरली. गावात डेल्फीनचा बार आहे. तिथे एक जुनी रीत. ज्याचा बाण हरणाला चुकला, किंवा ज्यानं हरीण जखमी करून गमावलं, त्यानं भर बारमध्ये उभं राहायचं, त्याच्या शर्टाचा मागचा पल्ला कात्रीनं कापायचा, डेल्फीन त्यावर नाव लिहून भिंतीवर खिळ्यानं ठोकते. शेपूट म्हणतात त्याला. भिंत भरलेली आहे शेपटांनी. रूबेनची तर इतकी आहेत की त्यांची गोधडी होईल. एन्सिओचं एकही नाही. बाण कधी वाकडा लागला नाही असं नाही म्हणता येणार, पण लागला की तो माग सोडायचा नाही. रात्र झाली, बर्फ आलं, तरी जायचा आणि हरीण घेऊनच यायचा. गिरणीतली मंडळी मोठ्या शिंगांच्या नरांच्या फुशारक्या मारायची तेव्हा हा एवढंच म्हणायचा, "मी एकही मागे टाकलेलं नाही."

"या हंगामात ज्याचं शेपूट आधी कापलं जाईल," मॉरिसनं नियम केला, "तो शुक्रवारी बिनशेपटाच्या शर्टानं, डेल्फीनचा एप्रन बांधून, सगळ्या टेबलांवर मासे वाढणार. आणि शर्ट जुनापुराणा चालणार नाही. चर्चचा."

"मंजूर," एन्सिओ म्हणाला. त्यानं डाव्या हातानं पळी उचलून दगडांवर पाणी टाकलं. उजवा हात टॉवेलाखाली होता. वाफ इतकी झाली की कुणाला कुणाचं तोंड दिसेना.

आता रूबेनला जे ठाऊक नव्हतं ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढे हसाल ते जरा बेतानं हसाल. वसंतात एन्सिओ शहरातल्या इस्पितळात जाऊन आला होता. उजव्या हाताची बोटं काम करेनाशी झाली होती. चावी फिरत नव्हती, बटण लागत नव्हतं. डॉक्टरनं सुया टोचल्या, तारा लावल्या आणि सांगितलं की नसांचा आजार आहे. हातापासून सुरू झालाय, हातापाशी थांबणार नाही. औषध नाही. बायको लेम्पी सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. त्या रात्री जेवताना तो तिला म्हणाला होता, "एवढा एक हंगाम करतो. एकच हरीण, नीट. मग धनुष्य खुंटीला." रिलीज त्यासाठीच आणलं होतं, पट्टा मनगटाला असतो, ओढ सगळी मनगटावर येते, बोटांना फक्त जरासं दाबायचं. धनुष्याचा ताणही त्यानं उतरवून घेतला होता.

"रूबेनला तरी सांग," लेम्पी म्हणाली होती.

"त्याला तर मुळीच नाही. तो थट्टा करायचा थांबेल."

हंगामाचा पहिला दिवस उजाडायचा होता. रूबेनच्या ट्रकमध्ये दोघं कॉफी पीत बसले होते. एन्सिओच्या मालकीच्या जंगलात दोन मचाणं होती, एक ओढ्याच्या अंगाला, एक ओकच्या टेकाडावर. एन्सिओनं जाकीट मागच्या सीटवर टाकलं आणि झाडामागे लघवीला गेला.

रूबेनला ठाऊक होतं की शिडी चढताना आकडा लोखंडावर वाजतो म्हणून एन्सिओ तो पट्टा खिशात ठेवतो आणि वर गेल्यावर बांधतो. उघडा खिसा समोर आला आणि त्याचा हात आपोआप गेला. मनात वाईट काहीच नव्हतं. त्यानं डोक्यात सगळं चित्र रंगवलं होतं: एन्स्या वर चढणार, खिसे चाचपणार, शिव्या घालत खाली उतरणार, धापा टाकत ट्रककडे येणार, आणि इथे आरशाला ती दाराची कडी लोंबकळत असणार. मग डिसेंबरपर्यंत हा किस्सा सांगायचा. फार तर काय, एन्सिओच्या खिशात दोरी ओढताना बोटांवर चढवायचं जुनं चामड्याचं बोटाळं असतंच. चाळीस वर्षं बोटांनी मारलेल्या माणसाला बोटं परत कधीही वापरता येतात. रूबेनच काय, गावातला कुठलाही धनुष्यवाला हेच म्हणाला असता.

तो स्वतः मचाणावर गेलाच नाही. एन्सिओ दिसेनासा झाल्यावर ट्रकमध्ये परत येऊन बसला, पट्टा आरशाला बांधला आणि वाट बघू लागला. पोरासारखं स्वतःशीच हसत होता.

एन्सिओ उजाडल्यावर बऱ्याच वेळानं आला. धापा टाकत नव्हता. शिव्या देत नव्हता. हळू चालत आला, दार उघडलं, आरशाकडे बघितलं. रूबेननं घोडा दाबून आकडा टकटक वाजवला.

"काय हवंय साहेबांना?" तो म्हणाला. "कडी की कुलूप?"

"पोटात लागलाय," एन्सिओ म्हणाला. "आठ टोकी शिंगांचा नर. कागदाचा रोल घे, तुझ्या सीटखाली असेल."

रूबेनचं हसू तोंडावर तसंच राहिलं. ते उतरवायचं कसं हे त्याला कळेना.

बाण एन्सिओच्या दुसऱ्या हातात होता. त्यानं तो पुढे केला. त्यावर रक्त जवळजवळ नव्हतंच, हिरवट काळं काहीतरी माखलेलं होतं आणि वास येत होता. तो वास ज्यानं एकदा घेतलाय त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

"बोटांनी मारलास?"

"बोटांनी."

"मग तुला काय झालं, तू तर बोटांनी झोपेत—"

"रुब्या, दार लाव. वारा येतोय."

पोटात लागलेल्या हरणामागे लगेच धावायचं नसतं. ते जवळच कुठेतरी आडवं होतं. त्याला पडू द्यायचं. घाई केली तर उठतं आणि मरेपर्यंत चालत राहतं. म्हणून दोघं ट्रकमध्ये बसून राहिले, हीटर लावून. एन्सिओनं थर्मासचं झाकण उघडायचा प्रयत्न केला. मग तो थर्मास त्यानं रूबेनकडे दिला. रूबेननं उघडला आणि पहिल्यांदा त्या हाताकडे नीट बघितलं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधला मांसाचा उंचवटा नव्हताच. तिथे खळगा होता, जसं कुणी चमच्यानं काढून घ्यावं तसा.

"कधीपासून?"

"वसंतापासून."

"जाणार ना पण?"

"नाही. तो मला घेऊन जाणार."

एन्सिओनं सगळं सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. बाहेर खारी ओकच्या वाळक्या पानांतून सळसळत पळत होत्या आणि दर वेळी दोघंही सवयीनं मान वळवत होते.

"मला का नाही सांगितलंस रे?"

"आत्ता बघितलंस ना स्वतःचं तोंड," एन्सिओ म्हणाला. "म्हणून."

रूबेननं हात वर करून आरशाचा पट्टा सोडवला. गाठ निघता निघेना. "उतरायचंस," तो म्हणाला. "खाली उतरून माझ्या कानाखाली वाजवायची. मला तेवढंच हवं होतं."

"उतरणार होतो. एक पाय शिडीवर होता. तेवढ्यात तो ओढ्याकडून वर आला." एन्सिओनं डाव्या हातानं हवेत रेघ ओढली. "असा उभा राहिला, आडवा, पुढचा पाय पुढे टाकून. मला वाटलं, एकदा. चामडं होतं खिशात. बोटांना आठवेल असं वाटलं."

"मग?"

"आठवलं त्यांना. ओढलं नीट. पण धरवेना. मी सोडलाच नाही रे तो बाण. दोरी आपली आपण गेली."

दुपारी ते माग काढायला निघाले. एक थेंब सापडला की तिथल्या फांदीवर कागदाचा तुकडा अडकवायचा आणि पुढचा थेंब शोधायचा. मागे वळून बघितलं की पांढऱ्या तुकड्यांची रांग दिसते, आणि हरणानं कुठली दिशा धरली ते कळतं. तुकडे अडकवायचं काम नेहमी एन्सिओचं, कारण रूबेन त्यांच्यावर काहीतरी वात्रट लिहून ठेवायचा. आज एन्सिओच्या बोटांतून कागद सुटत होता. रूबेननं रोल हातात घेतला.

पहिली बसायची जागा सापडली. पानं दबलेली, त्यावर काळपट डाग. हरीण तिथून उठलेलं होतं. दुसरी सापडली, तीही रिकामी. मग माग खाली दलदलीकडे गेला. तिथे सीडरची झाडं इतकी दाट की वाकूनच जावं लागतं, आणि पायाखाली काळं पाणी. पाण्यात रक्त दिसत नाही.

"कडेनं फिरू," रूबेन म्हणाला. "बाहेर पडलं असेल तर पलीकडे दिसेल."

ते कडेनं फिरले. पलीकडे काही नव्हतं. रूबेननं परत येऊन बघितलं तर एन्सिओ आत शिरला होता, कमरेइतक्या पाण्यात, आणि एका पडलेल्या खोडाखाली डाव्या हातानं चाचपत होता. हरणं कधीकधी पाण्यात जाऊन खोडाला लागून मरतात.

"बाहेर ये. गारठशील."

"त्या बाजूला बघ तू."

"बघितलंय मी."

"परत बघ."

त्यानं परत बघितलं. तो दुसऱ्या दिवशीही आला आणि तिसऱ्याही, एकदा मॉरिसला घेऊन, एकदा एकटाच, कारण एन्सिओला ताप चढला होता आणि लेम्पीनं त्याचे बूट लपवून ठेवले होते. तिसऱ्या दिवशी सीडरच्या वर डोमकावळे गोळा झालेले दिसले. रूबेन त्या दिशेनं अर्ध्यापर्यंत गेला. तिथे पाणी छातीपर्यंत आलं. कावळे उडून आणखी आत बसले.

तो तसाच ओला एन्सिओच्या घरी गेला. एन्सिओ खाटेवर बसला होता. त्यानं रूबेनच्या ओल्या पॅन्टकडे बघितलं आणि त्याला काही विचारावं लागलं नाही.

"मी शुक्रवारी सगळ्यांना सांगतो," रूबेन म्हणाला. "माझं शेपूट कापा म्हणतो. पट्टा मी काढला, चूक माझी. तुझं नाव त्या भिंतीवर मी जाऊ देणार नाही."

"मचाणावर तू होतास का?"

"नव्हतो, पण—"

"दोरी कुणी ओढली?"

"एन्स्या, ऐक—"

"तू ऐक. मी एक मागे टाकला. पहिलाच, आणि शेवटचाही तोच. त्याचं शेपूट माझंच. तू उठून सांगणार की पट्टा मी लपवला, मग लोक विचारणार, पट्टा नव्हता तर बोटांनी का नाही जमलं याला. मग हात सांगावा लागेल. मग डेल्फीन मला उभं राहायला खुर्ची आणून देईल, मॉरिस डोळे पुसेल, आणि शेपूट कुणीच कापणार नाही." त्याला धाप लागली. "नेम चुकलेला माणूस म्हणून मला एकदा तिथे उभं राहू दे. हसू दे त्यांना. आणि तू नेहमीसारखा वाग. तेवढं कर माझ्यासाठी. नाही जमलं तर येऊच नको."

लेम्पी दारात उभी होती. ती रूबेनकडे बघत नव्हती. "शर्ट इस्त्री करायला हवा," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

शुक्रवारी डेल्फीनचा बार ओसंडून वाहत होता. बातमी गावभर झाली होती. वीर्तानेनचं शेपूट. असली गोष्ट परत बघायला मिळणार नाही म्हणून लांबच्या गावातली माणसंही आली होती. एन्सिओ लेम्पीला घेऊन दारातून आत आला आणि टाळ्या पडल्या. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. ती कुणी लावली असतील ते रूबेनला कळलं.

"घोड्यानं लाथ मारली का रे एन्सिओ?" कुणीतरी ओरडलं.

"कडी गंजली होती," एन्सिओ म्हणाला. बार हसला.

तो मधोमध जाऊन पाठ करून उभा राहिला. डेल्फीननं कात्री आणली. कापायचा मान पैज जिंकणाऱ्याचा, म्हणून ती रूबेनच्या हातात आली. त्यानं शर्टाचा पल्ला धरला. कापड इस्त्रीनं अजून कोमट होतं की त्याला तसं वाटलं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते, कारण रूबेन हौटाला आता काय बोलतो ते ऐकायलाच निम्मे लोक आले होते.

त्याला काही सुचेना. बार हळूहळू गप्प झाला.

"काय रे," एन्सिओ मान न वळवता म्हणाला, "चाळीस वर्षं बडबडलास आणि आज जीभ गिळलीस?"

रूबेननं श्वास घेतला. "गप उभा राहा," तो म्हणाला. "लेम्पी, तू जरा तोंड फिरव. तुझं लग्न नंतरचं. या शेपटावर माझा डोळा तुझ्या आधीपासून आहे."

छप्पर उडेल असा हशा झाला. लेम्पीही हसली, तोंडावर हात ठेवून, आणि हात बराच वेळ काढला नाही. रूबेननं कात्री चालवली. वाकडं कापलं. डेल्फीननं जाड पेनानं नाव लिहिलं, मॉरिसनं हातोडा मारला, आणि भिंतीवरच्या सगळ्या मळक्या चौकड्यांच्या शेपटांमध्ये ते एक पांढरं दिसायला लागलं.

मग एप्रन. मग मासे. एन्सिओ डाव्या हातात एकेक ताट घेऊन टेबलाटेबलाशी जाऊ लागला. रूबेन खांद्यावर फडकं टाकून त्याच्यामागे, मोठ्या हॉटेलातल्या वेटरसारखा कमरेत वाकत, "साहेब नवीन आहेत, सांभाळून घ्या," म्हणत. लोक टेबलं बडवत होते.

"एकेक काय आणतोस," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "बर्फ पडेल तोवर. दोन दोन आण."

"आण, आण. दोन दोन."

एन्सिओ स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी थांबला. त्यानं डाव्या हातात एक ताट घेतलं. मग दुसऱ्याकडे बघितलं, आणि उजवा हात त्याखाली घातला. रूबेन दोन पावलं मागे होता. त्याला दिसलं की अंगठा वर येत नाहीये. ताट तळहातावर नुसतं ठेवलेलं होतं, आणि एन्सिओ वळला तसं ते घसरायला लागलं.

रूबेननं स्वतःचा पाय स्वतःच्याच पायात घातला आणि पूर्ण वजनानिशी एन्सिओच्या उजव्या अंगावर जाऊन आदळला. ताट उडालं. मासे, बटाटे, कोबी, सगळं जमिनीवर, थोडं मॉरिसच्या मांडीवर.

"रुब्या," डेल्फीन ओरडली, "मेल्या, एक संध्याकाळ तरी गप बसवेल का तुला? त्या बिचाऱ्याला त्याची शिक्षा तरी नीट भोगू दे. घे फडकं. उचल ते सगळं."

"असाच आहे तो," मॉरिस मांडी पुसत म्हणाला. "दुसऱ्याचं बरं बघवत नाही."

रूबेन गुडघ्यांवर बसला आणि टेबलाखाली शिरला. वर हसणं चालू होतं. सगळे त्यालाच हसत होते. एन्सिओच्या हाताकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तो डावा हात सावरून पुढच्या टेबलाकडे निघाला. रूबेनला टेबलाच्या कडेखालून फक्त त्याचे बूट दिसत होते. डावा नीट पडत होता. उजव्याचं टोक फरशीला किंचित घासत होतं. हे रूबेननं याआधी बघितलं नव्हतं.

"एन्सिओ, त्याला बाहेर ओढू का?" कुणीतरी विचारलं.

"राहू दे खाली," एन्सिओचा आवाज आला, मजेत, मोठ्यानं. "घरी जेवायला देणारं कोण आहे त्याला? तिथेच पोट भरू दे."

बार पुन्हा हसला, मघापेक्षाही जोरात, कारण एन्सिओ वीर्तानेननं रूबेनवर विनोद केलेला आजवर कुणी ऐकला नव्हता. रूबेननं खालूनच कुत्र्यासारखं दोनदा भुंकून दाखवलं. जमीन केव्हाच स्वच्छ झाली होती. तो तरी तिथेच, तोंड भिंतीकडे करून, कोरड्या फरशीवर फडकं फिरवत राहिला.